टाच टेकेपर्यंत

परवा मधल्या खोलीत यंदाच्या वेच्याची पहिली गाठोडी सुटली आणि मला खाज सुटली. कापसाला अजून हातही लागला नव्हता. घरात भरलेल्या कापसाची खाज अल्लीपुरात सगळ्यांनाच येते, पण त्यासाठी कापूस महिनाभर तरी मुरावा लागतो. मला आधीच येते. शुभांगी, माझी बायको, म्हणते ही कातडीची खाज नाही, डोक्याची आहे. असेल. चार वर्षांमागच्या त्या वेचणीपासून हा पांढरा ढीग बघितला की मला चीड येते. ज्या पिकानं पोटाला घातलं त्याची चीड येते म्हणून मग स्वतःचीही येते.

मी मूळचा इकडचा नव्हे, चंदगडकडचा. तिकडं भात, काजू आणि चार महिने पाऊस. कापूस आम्ही गादीत बघितलेला. आठवीत शाळा सोडली, मिळेल ते काम केलं, आणि जिनिंगची मशिनं बसवणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर हिंगणघाटला आलो तो तीन महिन्यांसाठी. ते तीन महिने अजून संपलेले नाहीत. शुभांगीचे वडील आधीच वारलेले, मामींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ही एकच लेक. लग्न झाल्यावर ती माझ्या घरी आली नाही, मी तिच्या घरी आलो. घरजावई हा शब्द माझ्या गावात शिवीसारखा वापरतात. इथं मामी मला जवाईबापू म्हणतात आणि तव्यावरची पहिली पोळी मला वाढतात. दहा वर्षं झाली, ती पोळी माझ्या घशाखाली अजून जरा भीतभीतच उतरते.

मनू, आमची लेक, त्या वर्षी पाच वर्षांची होती. ती आठव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीत राहिली, आणि दीड वर्षाची झाली तरी बसेना तेव्हा डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी असं नाव सांगितलं. मला कळलं ते एवढंच की पायात खोट नाही, मेंदूकडून पायाला जो हुकूम जातो तो चुकीचा जातो. 'आखड' एवढाच जातो, 'सैल सोड' हा जातच नाही. त्यामुळं तिच्या टाचा कायम वर ओढलेल्या. काखेत धरून उभी केली की चवड्यांवर, जणू फळीवरचा गुळाचा डबा काढायला निघाली आहे.

तिला रोज शहरात नेणं जमेना. एका व्यायामासाठी अख्खा दिवस बसमध्ये जायचा. मग फिजिओथेरपीच्या प्राची मॅडम घरी यायला लागल्या. नालवाडीहून स्कूटीवर, पंधरा दिवसांतून एक मंगळवार, तोंडाला ओढणी बांधून, केसात रस्त्याची सगळी धूळ घेऊन. त्या शिकवायच्या, करायचं आम्ही. दसरा झाल्यावर त्यांनी मनूचा पाय मांडीवर घेतला, पंजा वर दाबून बघितला आणि सांगितलं की तीन-साडेतीन महिन्यांत टाच जमिनीला टेकली तर तिच्या मापाचे बूट करता येतील आणि त्या बुटांवर ती उभी राहायला शिकेल. नाही टेकली तर प्लास्टर. प्लास्टरनंही भागलं नाही तर ऑपरेशनचं बघावं लागेल. मामींनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, म्हणजे वेचणी सरेपर्यंत. मॅडम म्हणाल्या, हो, तसंच धरा.

आता वेचणी धरली म्हणजे काय, ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. पहिल्या वेच्याच्या दिवशी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, सीतादही म्हणतात त्याला. त्या दिवशी मामींनी पऱ्हाटीपुढं, म्हणजे कापसाच्या झाडापुढं, हात जोडले, घरी आल्या, आणि मला सांगितलं की उद्यापासून त्या आणि शुभांगी दोघीही शेतात. कापूस वेचणं हे बायांचं काम. गड्याचा हात बोंडाला जड पडतो म्हणे. गड्यानं गाठोडी उचलावीत, ती संध्याकाळी. दिवसभर गडी काय करतो हे कुणी विचारत नाही, कारण तो पाराजवळ बसलेला सगळ्यांना दिसतो. मी पाराजवळ नव्हतो. मी ओसरीवर सतरंजी टाकून पोरीची टाच धरून बसलेला असायचो. समोरून वेचणाऱ्या बाया जायच्या, तोंडाला पदर लावून हसायच्या. शेजारचे गजाननभाऊ तर रोज थांबायचे. त्यांचा एकच प्रश्न, अगदी आदरानं: "जवाईबापू, आज भाजी काय टाकली जी?"

मी सांगायचोही. वांगी. काय करणार.

व्यायाम दिसायला काहीच नाही. गुडघा सरळ ठेवायचा, टाच आपल्या तळहातात घ्यायची, तिचा तळपाय आपल्या मनगटाच्या वरच्या बाजूला टेकवायचा आणि टाच खाली ओढत पंजा सावकाश वर न्यायचा. जिथं अडेल तिथं थांबायचं, तीस मोजायचे, सोडायचं. प्रत्येक पायाला दहा वेळा, दिवसातून तीनदा. मी मशिनवर वाढलेला माणूस. गंजलेला नट असेल तर आम्ही तेल सोडतो, पाना लावतो आणि एक झटका देतो. पहिल्याच आठवड्यात मी तसा झटका दिला. मनू किंचाळली, आणि पाय असा घट्ट झाला की जणू आतून कुणी दुसरा पाना लावून उलटा फिरवतंय. मॅडम म्हणाल्या, तुम्ही जेवढ्या जोरात ओढाल तेवढ्या जोरात तो पाय ओढतो, तुम्ही थांबलात तरच तो थकतो. थांबणं. माझ्या आयुष्यात मला न जमलेली ही एकच गोष्ट, आणि देवानं नेमकी तीच हातात दिली.

त्यात पोरगी माझ्यावर गेलेली. पाय ऐकत नव्हते तेवढी जीभ चालायची, आणि तीही अस्सल इथली. मी तिच्याशी माझ्या बोलीत बोलायचो, ती मला माझ्याच घरात वऱ्हाडी शिकवायची. मोजायचं काम तिनं मागून घेतलं होतं. एक ते अकरा नीट मोजायची आणि बारानंतर एकदम अठ्ठावीस. मी म्हणायचो, मधले कुठं गेले. ती म्हणायची, "ते वावरात गेले, कापूस वेचाले." हसू यायचं आणि हातही सुटायचा. पुन्हा पहिल्यापासून. थंडीत तर सकाळी पाय लाकडासारखे असायचे, आधी उन्हात धरून ऊबवावे लागायचे. तोवर भाजी करपायची.

आणि येणारे-जाणारे. पोरीचा पाय म्हणजे बाजारातली भेंडी असल्यासारखा जो येईल तो दाबून बघायचा. एकीनं मोहाचं तेल सांगितलं, एकानं कुठल्याशा गावी पट्टा बांधून मिळतो म्हणून सांगितलं, एक लांबची मावशी नुसतीच हात फिरवून उसासा टाकून गेली. तो उसासा मला पट्ट्यापेक्षा जड गेला. सगळी माणसं चांगली होती, हेच तर वाईट होतं. वाईट असती तर हाकलून दिली असती. घरजावई कुणाला हाकलतो? मी चहा ठेवायचो.

डिसेंबर आला तसा कापूस घरात चढू लागला. आधी मधली खोली, मग माझी पेटी ठेवायचा कोपरा, मग ओसरीचा अर्धा भाग. शेवटी सतरंजी उंबऱ्याशी आली. मला पाय पसरायला जागा उरली नाही. अशा एका संध्याकाळी शेतातून आल्या आल्या मामींनी मनूला उचललं, ढिगात दोन्ही हातांनी दाबून एक खड्डा केला आणि तिला त्यात बसवलं. चहूबाजूंनी कापूस दाबला. आणि मनू बसली. कुणाचा हात नाही, भिंत नाही, पाठ ताठ, दोन्ही हात मोकळे. मामींनी तिच्यापुढं ओल्या तुरीच्या शेंगा टाकल्या आणि ती सोलायला लागली. दाणे निम्मे कापसात, पण सोलायला लागली.

शुभांगी दाराशी उभी राहून रडली. मी फोटो काढला आणि चंदगडला भावाच्या फोनवर पाठवला. तोवर मी आईला मनूचा एकही फोटो पाठवला नव्हता, कारण प्रत्येक फोटोत तिला धरलेला कुणाचा तरी हात यायचा. आईचा लगेच फोन आला. बसली गं बाई, बसली माझी नात, एवढंच ती म्हणत राहिली. मामींच्या पाया पडावंसं वाटलं मला त्या दिवशी. पडलो नाही, जावयानं पडायचं नसतं.

त्यानंतरचे बारा दिवस मी सुखात काढले. सकाळी मनूला खड्ड्यात बसवायचं, शेंगा द्यायच्या, भाजी टाकायची. ती रडत नव्हती, मी चिडत नव्हतो. तीनदाचा व्यायाम दोनदा झाला, मग एकदा, मग संध्याकाळी वेळ मिळाला तर. भिंतीला टेकवून उभं करायचं तर मी सोडूनच दिलं. जी बसली ती आज ना उद्या उभी राहील, असा माझा हिशेब. मॅडमचा मधला मंगळवार चुकला होता, त्यांच्या घरी लग्न होतं. त्यामुळं विचारायला कुणी नव्हतं. खरं सांगायचं तर मला विचारायचं नव्हतं.

त्या आल्या तेव्हा मी मोठ्या मानानं त्यांना आत नेलं आणि ढिगातली मनू दाखवली.  त्यांनी तिला काखेत धरून उचललं, कापूस झटकला, खाली लाकडी पाट मांडून त्यावर बसवलं आणि हात किंचित सैल केला. मनू डावीकडं कलली, एखादं पोतं कलतं तशी, आणि मॅडमच्या दंडावर पडली. मग त्यांनी पाय बघितले. टाचा दसऱ्याला होत्या त्यापेक्षा वर गेलेल्या. मऊ जागेत ती बुडत होती, आणि बुडू नये म्हणून पाय दिवसभर आखडून धरत होती. आम्ही शेंगा बघत होतो.

"दादा, हा कापूस बसला होता," मॅडम म्हणाल्या. "मनू नाई."

मला ते सहन झालं नाही. इतके महिने कुणाला काही बोललो नव्हतो, ते सगळं त्या एकट्या बाईवर काढलं. तुमचं काय जातंय मॅडम, पंधरा दिवसांनी यायचं, चूक काढायची आणि स्कूटी चालू करायची, इथं दिवसभर कोण मरतंय ते तुम्हाला काय माहीत, असं बरंच. त्यांचंही तोंड लाल झालं. त्या काही संत नव्हेत, वैतागलेल्या होत्या. म्हणाल्या, "हे आजचं चौथं घर आहे माझं. चारही घरी पोरगं मले कापसातच भेटलं." आणि ओढणीनं तोंड पुसून घटाघट पाणी प्यायल्या.

तेवढ्यात मामी शेतातून आल्या. कमरेला वेचणीचं फडकं तसंच, त्यात शेवटचा कापूस. त्यांनी दारातच ऐकलं होतं. "मऊ जागी बसवली तं गुन्हा झाला का जी?" त्यांनी विचारलं. "टणक जागी बसाले अख्खी जिंदगी पडली हाये तिले."   मामींनी फडकं सोडलं, कापूस ढिगावर टाकला, आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पोळी मात्र पहिली मलाच वाढली.

मी जुन्या पलंगाच्या फळ्या काढून भिंतीच्या कोपऱ्यात बसेल अशी एक बैठक ठोकली. मग उभं राहायला एक फळी केली, पायाखाली उतरती, म्हणजे चवडा वर आणि टाच खाली राहील, आणि गुडघ्यांवर शुभांगीच्या जुन्या साडीचा पट्टा. सकाळी वीस मिनिटं, दुपारी वीस मिनिटं. पहिल्या दिवशी मनूनं तीन मिनिटांत अल्लीपूर जागं केलं. गजाननभाऊ धावत आले, आणि त्या दिवशी त्यांनी भाजीचं विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामी कामाला निघता निघता थांबल्या. पट्ट्यात बांधलेली, नाक गळणारी नात बघितली. आता सोडवतील आणि कडेवर घेऊन जातील, असं मला वाटलं, आणि मी मनातल्या मनात भांडणाची तयारीही केली. त्यांनी एक टोपलं आणलं. त्यात कवडी होती, म्हणजे डागी, पाल्याचा चुरा चिकटलेला कापूस, जो हातानं निवडावा लागतो. ते टोपलं मनूच्या छातीइतक्या उंचीवर, उलट्या पिंपावर ठेवलं.

"रिकामी काऊन उभी राहीन ते?" मामी मला म्हणाल्या. "कामाले लावा. उभ्यानंच वेचतो ना आमी."

मनूनं विचारलं, आजी, मी मजूर हावो का? मामी म्हणाल्या, मुकादम हायेस बाप्पा तू. आणि काय सांगू, मुकादमबाई वीस मिनिटं उभ्या राहिल्या. एक काडी काढायला तिला पाच-सहा वेळा चिमूट करावी लागायची, बोटंही तिची पायांसारखीच हट्टी, पण काडी निघेपर्यंत तिला पायांची आठवण यायची नाही. संध्याकाळी आल्यावर मामी टोपलं तपासायच्या आणि चुरा राहिला असेल तर सरळ परत द्यायच्या. नात म्हणून माफी नाही. मला ते कठोर वाटायचं. मग लक्षात आलं की या घरात तिच्या कामाला नावं ठेवणारं माणूस तिला पहिल्यांदा भेटलं होतं.

यंदा ती नऊ वर्षांची झाली. पायात बूट आहेत, तिसरा जोड. ढकलायचं वॉकर घेऊन शाळेत जाते आणि बाईंची नक्कल करून दाखवते. लोक म्हणतात, सुटलात तुम्ही. कोण सुटलं? हाडं वाढतात तेवढ्या वेगानं तिची आखडलेली शीर वाढत नाही. म्हणजे पोर दोन बोटं उंच झाली की टाच पुन्हा वर. ज्या दिवशी फ्रॉक आखूड होतो त्या दिवशी दुसऱ्या घरात पेढे वाटत असतील, मी सतरंजी शोधतो. या कामाला सुगी नाही. पेरलं तेच पुन्हा पेरत राहायचं. कधीकधी एवढा वैताग येतो की वाटतं पोरीनं वाढूच नये, आणि मग असं वाटल्याबद्दल दिवसभर कुणाच्या डोळ्याला डोळा देववत नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत पऱ्हाटीवर उरलीसुरली बोंडं तेवढी होती, तेव्हा मॅडम शेवटचं बघायला आल्या. त्यांची परीक्षा साधी. मनूला भिंतीशी उभं केलं, गुडघे मी धरले. जुन्या वर्तमानपत्राची एक पट्टी फाडून त्यांनी डाव्या टाचेखाली सरकवली आणि म्हणाल्या, आता वजन सोड. मग पट्टी ओढली. आली नाही. आणखी ओढली, तशी फाटली. अर्धी त्यांच्या हातात, अर्धी टाचेखाली. शुभांगीनं डोळे मिटून घेतले होते, तिला सांगावं लागलं.

मग उजवी. पट्टी गेली तशीच परत आली, सुरकुतीही नाही. पुन्हा घातली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा मीच म्हणालो, पुरे.

"उजवा आयकतच नाई मॅडम," मनूनं समजावून सांगितलं. "डावा साधा हाये."

उजव्या पायाला प्लास्टर ठरलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं, दर आठवड्याला बदलायचं, त्यानं बहुतेक येईल, असं मॅडम म्हणाल्या. ऑपरेशनचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. त्या निघाल्या, मी स्कूटीपर्यंत गेलो आणि दोन महिने मनात ठेवलेलं विचारलं: "ते बारा दिवस मी आळस केला नसता, तर उजवी टेकली असती का?"

त्या खोटं बोलू शकल्या असत्या. मला वाटतं त्यांच्या मनात येऊनही गेलं. "नाई सांगता येत दादा," त्या म्हणाल्या. "टेकली असती, नसतीही टेकली."

ओसरीवर मामी कवडी निवडत बसल्या होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "जवाईबापू, ते बारा दिवस एकट्या तुमचे नोहोत," त्या म्हणाल्या. "खड्डा म्या केलता."

कुणीतरी असं म्हणावं म्हणून मी इतके दिवस तडफडत होतो, आणि म्हटल्यावर मला रागच आला. घर मामींचं, शेत मामींचं, पोळी मामींची. सहा वर्षांत या घरात माझी एकट्याची म्हणावी अशी एकच गोष्ट झाली होती, ती चूक. तीही त्यांनी अर्धी वाटून घेतली. आता मी काय धरून बसू?

प्लास्टरच्या दिवशी सकाळी बाया शेवटच्या वेच्याला निघाल्या, मामींना हाक मारून गेल्या. मामी गेल्या नाहीत. घडीचं लुगडं नेसून त्या मनूची वेणी घालत बसल्या. घातली, वाकडी वाटली, सोडली, परत घातली, परत सोडली. बसची वेळ झालेली. मनू खुशाल बाजेवर पाय पसरून, शुभांगी डबा भरतेय, आणि मी दारात पिशवी घेऊन उभा. सहा वर्षं ज्या घरात मी पाहुण्याच्या आवाजात बोललो होतो तिथं माझा आवाज चढला. मामी, बस निघून जाईल, म्हणालो, किती वेळ त्या वेणीला, तुमचं आवरत नाही आणि पोरीचं आवरू देत नाही, पाय दाखवायला चाललोय का केस? शुभांगीच्या हातातला डाव हवेतच राहिला. असं बोलल्यावर घरजावयाचं काय करतात, हे मलाही माहीत नव्हतं.

मामींनी मान वर न करता रिबिनीचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"धरा," म्हणाल्या. "मंग ओरडा."